ड्रमवर ठेवलेला हात

मी गाडी न्यूट्रलमध्ये टाकून उतरवली, ही गोष्ट खोटी आहे. इतकी वर्षे ती देवगाव फाट्यापासून आमच्या झरीपर्यंत फिरते आहे. परवा तर एका लग्नाच्या पंगतीत माझ्या सख्ख्या पुतण्याने ती मी शेजारी बसलेलो असतानाच सांगितली. त्याच्याकडे आता बिनक्लचचा, आपोआप गिअर बदलणारा ट्रक आहे. शेवटी तो म्हणाला, "काका, तवा असली गाडी असती तर हा वादच झाला नसता." वाद झाला नसता, हे मान्य. पण मग मी ड्रायव्हर झालो की नाही, हेही कोणाला कळले नसते.

सत्तरच्या दशकातल्या आमच्या ट्रकचा गिअर सुखासुखी पडत नसे. वरच्या गिअरमधून खालच्यात यायचे तर क्लच दाबून दांडी न्यूट्रलला आणायची, क्लच सोडायचा, इंजिनाला बेताची रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग दांडी ढकलायची. याला डबल क्लच म्हणत. रेस चुकली की गिअर करकरत आणि दांडी तळहाताला झिडकारून परत येई. साधली तर काहीच ऐकू येत नसे. ती किती द्यायची, हे कानाने ओळखावे लागे.

उतारावर पुष्कळ जण ही कटकटच ठेवत नसत. डिझेल वाचावे म्हणून गाडी न्यूट्रलला टाकत आणि सगळा भार ब्रेकवर सोपवत. ज्यांच्या गाडीवर मी क्लीनर होतो ते माझे उस्ताद अशा माणसाला पुन्हा स्टिअरिंगला हात लावू देत नसत. त्यांची परीक्षेची रीतही निराळी होती. ते स्वतः एसटीने पुढे जात, फाट्यावरच्या हॉटेलात बसत आणि उतारावरून एकट्याने येणाऱ्या शागिर्दाची गाडी नुसती ऐकत. बाजांवर पडलेले इतर ड्रायव्हरही कान देत. निकाल चहा संपायच्या आत लागे.

माझे लायसन नवे होते. नापास झालो असतो तर पुन्हा फडके आणि पाण्याचा डबा नशिबी होता. शिवाय आमच्या वस्तीतून स्टिअरिंगपर्यंत पोचलेला मी पहिलाच. मी हरलो असतो तर ते माझ्या एकट्याचे हरणे कोणी मानले नसते. हे ओझे मागच्या सरकीच्या पोत्यांपेक्षा जड होते.

जिंतूर सोडले तेव्हा ऊन उतरणीला लागले होते. उताराच्या तोंडाशी आल्यावर मी चौथ्यातून तिसऱ्यात यायला दांडी न्यूट्रलला आणली, रेस दिली आणि ढकलली. दांडी आत जाईना. तिचा धक्का मला कोपरापर्यंत जाणवला. जोर केला असता तर गिअरचे दात तुटले असते, म्हणून मी हात ढिला केला. तेवढ्यात गाडीने वेग घेतला. मागचा माल मला पुढे ढकलतो आहे, हे पाठीला कळत होते. ब्रेकवर पाय ठेवला, गाडी थोडी आवरली. समोर वळण होते आणि वळणापलीकडे माणसे ऐकत बसली होती. मी इंजिनाचा आवाज चढवला, आधीपेक्षा बराच वर, क्लच दाबला आणि दांडी पुढे केली. ती लोण्यात बोट जावे तशी गेली. इंजिनाने गाडी धरली. हे सगळे वळणाच्या अलीकडे झाले. तिथून खालपर्यंत मी ब्रेकला जेमतेम पाय लावला असेल.

हॉटेलासमोर गाडी उभी केली तर बाजेवरचा एक जाडजूड ड्रायव्हर उठून बसला होता. माझ्याच वेळी त्यानेही उस्तादांकडे शागिर्दी मागितली होती आणि ती त्याला मिळाली नव्हती. तो म्हणाला, "लय गुपचूप आलास की रे. गिअर पडल्याला आवाज न्हाई आला."

"नीट पडला म्हणून नाही आला," मी म्हणालो.

"नीट पडला? तुझा? उस्ताद, वरून न्यूट्रलमधी सोडून दिली याने. हितं खाली येऊन गिअर टाकायलाय अन् आपल्याला येडं बनवायलाय."

"तू कानानं ऐकलंस का पोटानं?" मी विचारले.

बाजांवर हशा पिकला, पण उस्ताद हसले नाहीत. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली, गाडीजवळ आले, मागच्या चाकापाशी वाकले आणि उजवा हात आत घालून ब्रेकच्या ड्रमवर तळहात ठेवला. सगळा उतार ब्रेकवर आलेल्या गाडीच्या ड्रमला बोट लागले तरी कातडी सोलते. वरच्या घोळात मी ब्रेक दाबला होता आणि ड्रम किती तापला असेल याचा मला अंदाज नव्हता.

हात तसाच ठेवून उस्ताद त्या जाड्याला म्हणाले, "कापसाच्या गाठी कुठं भरायलास आज?"

"सेलूला."

"रस्ता कसा हाय?"

"खराबच हाय."

मग त्यांनी हात काढला, धोतराला पुसला आणि मला म्हणाले, "चल, बस. जालन्यापर्यंत तूच घे. मी पडतो जरा."

पुतण्याची गोष्ट इथे वळण घेते. त्याच्या म्हणण्याप्रमाणे ड्रम तापलेला होता, उस्तादांचा हात पोळला आणि वस्तीतल्या पोराची लाज राखायला ते बोलले नाहीत. सांगायला ही गोष्ट गोड आहे, पण त्या उस्तादांनी कधी कोणाला दयेपोटी गाडी दिली नाही. शेजारच्या सीटवर ते लगेच झोपले. ती झोप खरी होती. खड्ड्यात डोके दारावर आपटले तरी त्यांचे घोरणे थांबले नाही. त्यांचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता. मी तो पाहिला. एकदा नव्हे, रस्ता मोकळा मिळेल तेव्हा पाहिला. काळे ग्रीस होते. फोड नव्हता, लालीही नव्हती.

पुढे चढ लागला. गाडी दमू लागली, खालचा गिअर घालणे भाग होते. मी क्लच दाबला, दांडी मध्ये आणली, कान इंजिनाकडे लावून रेस दिली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून शेजारी बघत दांडी ढकलली. गिअरचे दात वाजले असते तर उस्ताद जागे झाले असते.

ते झोपूनच राहिले.