पुस्तक मोबाइलात गेलं तेव्हा

आमच्या ऑफिसात माणसं कमी होत गेली आणि किस्से वाढत गेले. भरलेलं होतं तेव्हा एकाचा किस्सा दुसरा विसरवायचा. आता वानखडे सर आणि मी, दोघंच. त्यामुळे सगळे किस्से माझ्याच टेबलाशी येऊन बसतात.

वानखडे सरांचं अमरावतीत छोटंसं प्रकाशन. शाळांसाठी स्वाध्यायपुस्तिका काढायचो. टायपिंग आणि प्रूफं माझ्याकडे. शाळांची मागणी आटत गेली, तसं सरांनी ठरवलं : छपाई बंद, आता इंटरॅक्टिव्ह ई-बुक.

*

ई-बुक बनवणारी श्वेता अकोल्याची. पहिल्या मीटिंगला सर आणि मी बसने गेलो.

"सर, याच्यात पानं नसतात," ती समजावून सांगत होती. "मूल बोटाने सरकवत जातं."

सर स्वतः निवृत्त मास्तर. म्हणाले, "मंग वर्गात 'अमुक पान उघडा' कसं म्हनाव?"

"म्हणायची गरजच नाही. प्रत्येक जण आपापल्या स्पीडने जातो."

"अन् मांगं राहिला तो?"

"तो त्याच्या स्पीडने."



*

गजाननराव आमचे सेल्समन. उभी हयात पुस्तकांची बॅग घेऊन तालुके फिरले. सरांनी त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवायला शिकवलं. शिकलेसुद्धा. दर्यापूरच्या एका हेडमास्तरांना स्वतः लिंक पाठवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने दर्यापूर गाठलं.

हेडमास्तर म्हणाले, "लिंक तं कालच भेटली. तुमी कावून आले?"

"पोचली का नाई, ते पाहाले आलो."

हे हेडमास्तरांनीच सरांना फोनवर हसत हसत सांगितलं. सरही हसले. फोन ठेवल्यावर त्यांनी गजाननरावांना बोलावून घेतलं आणि शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं, की आता फिरतीची गरज उरली नाही.

गजाननरावांनी मान हलवली. "बरं. मंग उद्या कुठी जाऊ, तेवढं सांगा."

*

छपाईचं मशीन भंगारात गेलं त्या दिवसाची गोष्ट. मुश्ताकभाईंनी ते मशीन इतकी वर्षं चालवलं, की आवाजावरून कागद ओला आहे का ते सांगायचे. भंगारवाल्यांनी गॅस कटर लावला, तेव्हा ते समोर स्टूल टाकून बसले होते.

सरांना बघवेना. "मुश्ताक, घरी जा. हे पाहू नको."

"बसू द्या सर," मुश्ताकभाई म्हणाले. "इतक्या लवकर घरी गेलो तर बायको विचारन, का झालं म्हणून. तिले अजून सांगतलं नाई."

भंगारवाले तुकडे भरून निघून गेले. मुश्ताकभाई रिकाम्या जागेसमोर सुट्टीच्या वेळेपर्यंत बसून राहिले. मग हात धुतले, नेहमीसारखे कोपरापर्यंत, आणि घरी गेले.

*

ई-बुकात एक सोय होती. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी मोबाइल बोलायचा, "चला बाळांनो, अभ्यासाची वेळ झाली!" आवाज माझा. मदतीसाठी दिलेला नंबरही माझाच.

एकदा चांदूर बाजारकडच्या एका गावातून फोन आला. माणूस दबक्या आवाजात बोलत होता.

"बाई, तुमचं पुस्तक बोलते ते बंद कसं कराचं?"

मी विचारलं, काही अडचण आहे का?

"फोन माह्या भावाचा हाये. भाऊ काल गेला. मयत अंगनात होती, अन् खुटीवरच्या शर्टातून तुमचा आवाज आला. त्याची पोरगी तिसरीत हाये. मायच्या मांडीवरून उठली अन् फोन घ्याले घरात चालली. 'बाबा रागावते' म्हने."

कुठलं बटण दाबायचं, ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी 'बरं' म्हटलं.  

*

आणि शेवटी कडू गुरुजी.

गुरुजी शेंदूरजनाघाटचे. घरची संत्र्याची बाग भावावर सोपवून जन्मभर गणित शिकवलं. आमच्या गणिताच्या सगळ्या पुस्तिका त्यांच्याच. अमरावतीच्या दवाखान्यात भरती होते आणि डॉक्टरांनी घरच्यांना काय ते सांगून टाकलं होतं. सर म्हणाले, नवं पुस्तक त्यांना दाखवलंच पाहिजे. मी टॅब घेऊन सोबत गेले.

गुरुजींनी टॅब छातीवर धरला. बोट जिभेला लावून ओलं केलं आणि पान उलटावं तसं स्क्रीनवर फिरवलं. असं करत करत एका उदाहरणाशी थांबले. पाण्याची टाकी, दोन नळ.

"उत्तर चुकलं."

सर म्हणाले, "गुरुजी, हे तुमच्या जुन्या पुस्तकातूनच घेतलं. जसंच्या तसं."

मी औषधाच्या पाकिटावर करून पाहिलं. गुरुजींचं बरोबर होतं. चुकीचं उत्तर पहिल्या आवृत्तीपासून तसंच छापलं जात होतं.

सरांनी बाहेर जाऊन अकोल्याला श्वेताला फोन लावला. नर्सने सलाइनची बाटली बदलेपर्यंत दुरुस्ती झालीसुद्धा. सर टॅब घेऊन जवळजवळ धावतच आत आले. कित्येक महिन्यांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

"पाहा गुरुजी. झालं. सगळ्या फोनात एका दमात दुरुस्त. आता एकही पोरगं चुकनार नाई."

गुरुजींनी उत्तर नीट वाचलं. टॅब सरांच्या हातात परत दिला.

"अन् आतापावतर ज्यायनं चुकीचं पाठ केलं, त्या पोट्ट्यायले कोन सांगन?"