दप्तरखान्यातला गुरुवार

गुरुवार, २ जुलै २०२० रोजी आमच्या बाइंडरांनी माझ्या टेबलावर आठशे रुपये ठेवले. चारशे त्या दिवसाच्या बैठकीचे आणि चारशे पुढच्या गुरुवारचे. "दोन गुरुवार तरी बघू, साहेब," ते म्हणाले. समुपदेशक बाईंची फी मीच माझ्या खात्यातून फोनवरून भरत असे, कारण बाइंडरांना फोन हातात धरणेही नकोसे होई. का, ते तेव्हा मला ठाऊक नव्हते.

बाइंडर अठ्ठावीस वर्षे आमच्या कचेरीतल्या खातेवह्या बांधत आले आहेत. बायको गेली आणि त्यांचे बोलणे आटले. जेवण तुटले, झोप उडाली. डॉक्टरांनी बाईंकडे पाठवले. पहिल्या दोन गुरुवारी ते बाईंच्या खोलीत नुसते बसून आले. तिसऱ्या गुरुवारी बाईंनी सुट्या कागदांचा गठ्ठा पुढे केला. "हे जरा शिवून द्याल?" हात चालू लागले तसे तोंडही थोडे थोडे चालू लागले. चार महिन्यांत ते बायकोच्या आजारपणापर्यंत आले. शेवटचा दिवस तेवढा सांगायचा राहिला.

मग साथ आली. बाईंची खोली बंद झाली आणि बाई फोनवर, व्हिडिओतून भेटू लागल्या.

बाइंडरांचे घर दोन खोल्यांचे. त्यात मोठी बहीण, आणि तिचे कान पडद्याला लागलेले. बाइंडर गप्प बसत. खोलीतली त्यांची शांतता बाईंना कळायची, फोनवर मात्र त्या दर दोन मिनिटांनी विचारत, "आवाज येतोय ना?" गुडघ्यावर कागद घेऊन शिवू लागले, तर, "खाली काय बघताय?"

तिसऱ्या वेळी बहीण म्हणाली, "तासभर हूं नाही की चूं नाही, आणि वर चारशे रुपये! गप्पच बसायचं तर मला दे की. मी बसते समोर, चहासुद्धा करते."

हे सांगताना बाइंडर हसले. मग म्हणाले, "बंद करतो, साहेब. तो शेवटचा दिवस कुजू दे आतच."

म्हणून मी त्यांना दप्तरखाना देऊ केला. जाड भिंती, एक टेबल, एक पंखा. २ जुलैच्या त्या गुरुवारी साडेचारला मी दोन खातेवह्यांना टेकवून फोन असा उभा केला, की बाईंना त्यांचे हात दिसावेत.

"अरे वा, हे तर ओळखीचे हात!" बाई म्हणाल्या. बाइंडरांनी सुईत दोरा ओवला. मी दार ओढून घेतले.

दप्तरखान्याची किल्ली साडेपाचला तिजोरीत जमा होते आणि वहीत वेळ लिहिली जाते. बावीस वर्षांत मी ती वेळ चुकवलेली नाही. पाच मिनिटे आधी दाराशी जाऊन उभा राहिलो. आतून आवाज येत होता.

"दुपारी ती फोन करत होती, बाई. टेबलावरच वाजत होता. माझे हात खळीत बरबटलेले. म्हटलं, हात धुतो नि करतो. चार वेळा वाजला. मग मी..."

कचेरीतल्या घड्याळाचा ठोका पडला. ऐकलेले डोक्यात शिरण्याआधीच माझा हात सवयीने दारावर गेला होता. मी दार वाजवले.

आतला आवाज थांबला. "बोला, मी आहे इथे," बाई म्हणत होत्या. बाइंडरांनी फोन पालथा घातला आणि दार उघडले.

"झालं, साहेब. घ्या किल्ली."

वहीत मी ५.३१ लिहिले.

पुढच्या गुरुवारी चार वाजताच मी किल्ली त्यांच्या पुढ्यात ठेवली. "आज कितीही वाजू देत. मी थांबतो."

"राहू द्या," ते शिवणीवरची नजर न काढता म्हणाले. "तुमची वेळ चुकेल." आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरे झाले असते.

आठवड्याने बाईंचा मला फोन आला. "त्यांना पुढे काय सांगायचं होतं, काही कल्पना आहे तुम्हाला?" मी नाही म्हणालो. अर्धे वाक्य मी चोरून ऐकले होते. ते पुढे देण्याचा मला हक्क नव्हता.

बाइंडर आजही वेळेवर येतात, वह्या बांधतात. टेबलावर कुणाचाही फोन वाजला की हातातले काम ठेवून बाहेर जातात. न झालेल्या बैठकीचे पैसे परत करायला गेलो, तर म्हणाले, "असू द्यात तुमच्याकडे. बसलोच कधी, तर लागतील."

ते चारशे रुपये मी अजून त्यांना देणे लागतो.