धोंड्याच्या महिन्यातला कॉम्प्युटर

परभणी जिल्ह्यात न जुळणारं असं काही नसतंच, आमच्या साडूंना अजून कुणी विचारलेलं नसतं एवढंच, असं माझं पक्कं मत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. झरीत त्यांचं भांड्यांचं दुकान आहे, पण भांडी विकणं हा त्यांचा जोडधंदा म्हणावा लागेल. खरा उद्योग स्थळं जुळवण्याचा, आणि तोही फुकट. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, तोंडात लवंग, आणि कुकर घ्यायला आलेल्या बाईला झाकण बसवून दाखवता दाखवता "थोरल्याचं काय केलं मग?" असा सहज सवाल. बाई कुकर आणि सून दोन्ही ठरवून घरी जाते. अशा लग्नांतली भांडी अर्थातच त्यांच्या दुकानातून जातात आणि त्यांच्यावर नावं ते स्वतः घालतात. नाव घालायचं ते गुरगुरणारं छोटं मशीन त्यांनी आजवर दुसऱ्या कुणाच्या हाती दिलेलं नाही. "नाव घातलं की भांडं घरचं होतंय. तवर ते दुकानाचंच," असं त्यांचं म्हणणं. पोखर्णीला किंवा येलदरीला कुणाकडे जेवायला बसलो की मी पाणी पिऊन झाल्यावर तांब्या फिरवून बघतो. बहुतेक वेळा अक्षर आमच्या साडूंचंच निघतं.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने पुण्यात नोकरी करता करता स्वतःच नवरा पसंत केला आणि कचेरीत सह्या करून लग्नही उरकलं. साडू तिला एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटली. तिच्या लग्नासाठी त्यांनी वर्षानुवर्षं माळ्यावर जमवून ठेवलेली तांब्यापितळेची भांडी तशीच राहिली, बिननावाची. जावई खरं तर गुणी मुलगा, पण सासऱ्याला बिचकून असायचा. लग्नानंतर एकदा झरीला आला तो चहा पिऊन उठला, मुक्कामाचं नावच काढलं नाही. फोनवर दोघांचं "जेवलात का?", "हो", "पाऊस?", "नाही" एवढं झालं की दोघेही सुटल्यासारखे आपापला फोन बायकोकडे देत. साडूंना हे फार लागलं होतं. एकदा दुकानाच्या पायरीवर बसून मला म्हणाले, "साडूभाऊ, गावाची सोयरीक जुळवली मी. आन् घरच्या जावयासंगं मला बोलायला येईना गेलंय. ह्यो माणूस मला कदी आपला म्हनंल का हो?" मी आपला चहा मागवला.

त्याच साली धोंड्याचा महिना आला. म्हणजे जावयाला बोलावणं आलं, पुरणाचे धोंडे आले, वाण आलं. साडूंनी अंगठीचे पैसे बाजूला काढले होते. पण मुलीच्या फोनवरून मेव्हणीबाईंना कळलं, आणि त्यांच्याकडून साडूंना, की जावयाला कॉम्प्युटरवर गेम खेळायची भारी आवड आहे, ऑफिसचा लॅपटॉप तव्यासारखा तापतो, आणि एकेक भाग निवडून स्वतःचा कॉम्प्युटर जोडायचं त्याचं स्वप्न पुण्याच्या घरभाड्यापुढे टिकत नाही. जोडायचं म्हटल्याबरोबर साडूंनी कान टवकारले. अंगठीच्या पैशात जावयाला कॉम्प्युटर द्यायचा, तोही स्वतःच्या हाताने जोडून, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. मी म्हणालो, "तयार मिळतो की." त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मी ॲल्युमिनियमच्या भांड्यात ताक ठेवलं असावं. "तयार जोडपं कुटं मिळतंय का? ते जोडावंच लागतंय."

मग दुकानात गिऱ्हाईक ताटकळत उभं आणि साडू स्टुलावर बसून फोनवर हिंदी व्हिडिओ बघतायत, असं दृश्य रोज दिसू लागलं. आपल्याला उमजलेलं ते आपल्या भाषेत उतरवून घ्यायचे आणि परभणीच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन तिथल्या मालकापुढे मांडायचे. मला साक्षीदार म्हणून बरोबर नेत. मालकाने अगदी भारीतला प्रोसेसर पुढे केला तेव्हा ते म्हणाले, "आन् ग्राफिक कार्ड ह्ये असलं हलकं? एक लय शिकलेला, दुसरं अडाणी. त्याचा सारा जलम हिची वाट बगन्यात जायाचा. दोघं बरोबरीचे दाखवा." मालक आधी हसला, आणि मग त्याने आमच्यासाठी चहा सांगितला. मदरबोर्ड निवडताना तर साडूंनी त्याच्या खानदानाची चौकशी केली, आज हा प्रोसेसर नांदेल, पण चार वर्षांनी याच घराण्यातला दुसरा आणला तर याच बोर्डावर बसेल का? वीज पुरवणाऱ्या डब्यावर, एसएमपीएसवर, मात्र त्यांनी घासाघीस करू दिली नाही. मी स्वस्तातला दाखवला तर म्हणाले, "ह्यो घरचा कर्ता हाय. कर्ता हलका निगाला की सारं घर अंधारात." रंगीबेरंगी दिव्यांचे पंखे मालकाने चालू करून दाखवले. साडूंनी ते कौतुकाने पाहिले, छान आहेत म्हणाले आणि बंद करायला सांगितले. वरात बघून पोरगी देत नसतात, हे त्यांचं धोरण काळ्या दगडावरची रेघ होतं.

नवं ग्राफिक कार्ड काही केल्या अंगठीत बसेना. तेव्हा ते वापरलेलं घ्यायचं ठरलं. नेटकॅफे बंद केलेल्या एका गृहस्थाकडे आम्ही बघायला गेलो, आणि बघायला म्हणजे अगदी रीतीप्रमाणे, इस्त्रीचा सदरा घालून. चहा झाल्यावर साडूंनी विचारलं, "पैल्या घरी कामून न्हाई टिकलं?" गृहस्थ गोंधळले. मग त्यांनी धंदा कसा बसला, मुलं कशी मोबाईलवरच खेळायला लागली हे सगळं मन मोकळं करून सांगितलं, आणि साडू मान डोलावत ऐकत राहिले. कार्ड मशीनला लावून सगळी दुपार गेम चालू ठेवायला लावला, मधून मधून जवळ हात नेऊन ऊब पाहिली. निघताना माझ्या कानात म्हणाले, "बिजवर हाय, पर गडी निब्बर हाय." गृहस्थांच्या धाकट्या भावाचं स्थळही त्यांनी त्या बैठकीत मनात टिपून घेतलं, हे मला पुढे कळलं.

एवढ्या बारकाईने सगळं जुळवणारा माणूस चुकला तो नेमका आपल्याच धंद्यात. सगळे भाग ज्या पेटीत बसवायचे ते कॅबिनेट घ्यायची वेळ आली तेव्हा मालकाने किंमत सांगितली आणि साडूंना हसू आवरेना. "पत्र्याचा डब्बा की ह्यो. पत्रा इकून माझी दाढी पिकली, आन् मी डब्बा इकत घेऊ?" बंद पडलेल्या एका कॉम्प्युटर क्लासची जुनी पेटी त्यांना मोडीच्या भावात मिळाली. तिला चिंच-मीठ लावायचंच काय ते बाकी ठेवलं, इतकी घासून लख्ख केली. मी टेप लावून बघा म्हणालो. पण ज्याने उभ्या आयुष्यात पातेल्याकडे नुसतं बघून किती माणसांचा भात शिजेल हे सांगितलं, तो टेप कशाला लावतो?

धोंड्याच्या जेवणाच्या दिवशी सकाळी, मेव्हणीबाईंनी हळदकुंकू वाहिल्यावर (ते त्यांना खोक्यावरच वाहायला लावलं होतं), साडू दुकानामागच्या खोलीत सतरंजीवर मांडी घालून जोडायला बसले. प्रोसेसर बसला, रॅम बसली, दुकानाच्या मालकाने शिकवल्याप्रमाणे सगळं बसलं. शेवटी कार्ड उचललं आणि इथेच घोडं पेंड खायला लागलं. पेटीत पुढच्या बाजूला जुन्या डिस्क ठेवायचा एक पिंजरा रिबिटांनी ठोकलेला होता आणि कार्ड त्याला जाऊन अडत होतं. फार नाही, बोटभर. साडूंनी ते आडवं धरलं, तिरकं धरलं, समजूत घातल्यासारखं हळूहळू लोटलं. मग खाली ठेवलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला दुसरीकडे बघावं लागलं. "सारं बगितलं, साडूभाऊ," ते म्हणाले, "घराचं दारच न्हाई बगितलं." आणि तेवढ्यात अंगणात मुलगी-जावई येऊन उभे.

मला वाटलं, झालं. आता "जेवलात का" आणि "पाऊस" होणार आणि संध्याकाळच्या गाडीने दोघं परत जाणार. जावई दारात आला आणि सतरंजीवरचा पसारा बघून थबकला. साडू उठायला लागले, नजर खाली. "तुमच्यासाटी जोडायलो होतो, जावईबापू. चुकलं आमचं. माप चुकलं." जावयाने दारातच बूट काढले, नव्या सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि सासऱ्याच्या शेजारी मांडी घालून बसला. एकेक भाग हातात घेऊन पाहिला. बोर्ड, रॅम, मग बराच वेळ तो एसएमपीएस. "मामा," तो म्हणाला, आणि सासऱ्याला काही म्हणून हाक मारण्याची ही त्याची पहिलीच वेळ होती, "हे तुम्ही निवडलं? मी नेमकं हेच घेतलं असतं. फक्त ह्याच्यावर मी पैसे वाचवले असते."

"आन् मग अंधारात बसला असता," साडू म्हणाले.

जावई हसला. मग म्हणाला, पिंजरा काढला तर कार्ड आरामात बसेल, पण रिबिटा तोडाव्या लागतील, तुमच्याकडे ड्रिल आहे का? भांड्यांच्या दुकानदाराला ड्रिल आहे का विचारणं म्हणजे झालंच. साडू वीस वर्षांनी लहान होऊन उठले. धातूचा कीस बोर्डावर पडू नये म्हणून सगळं परत बाहेर काढलं, रिकामी पेटी अंगणात नेली, जावयाने धरली आणि सासऱ्याने रिबिटा उडवल्या. आतून मेव्हणीबाई धोंडे थंड होत असल्याच्या हाका मारून मारून दमल्या. अंगणातली ती दोन माणसं पंखा कुठल्या बाजूने वारा ओढतो यावर वाद घालत होती, आणि इतका सुंदर वाद मी आजवर ऐकलेला नाही.

पेटी मोकळी झाली तशी साडूंनी तिची बाजूची फळी हातात घेतली, जरा घुटमळले आणि विचारलं, "नाव घालू का?" जावयाने हो म्हणून मान हलवली. ते गुरगुरणारं मशीन सुरू झालं. आधी जावयाचं नाव उमटलं, मग त्याच्याशेजारी मुलीचं, आणि खाली 'झरी'. आमची पोरगी एवढा वेळ दारात उभी होती. ती आत गेली, स्टूल ओढल्याचा आवाज आला, आणि माळ्यावरचा एक तांब्या पदराने पुसत आणून तिने वडिलांसमोर ठेवला. "ह्याच्यावर पण घाला, बाबा." त्या दिवशी जेवणं उन्हं कलल्यावर झाली. मशीन पार तापलं, आणि माळ्यावरचं एकही भांडं बिननावाचं राहिलं नाही.

जावई दोन दिवस राहिला. जाताना कॉम्प्युटर मांडीवर आणि भांड्यांची पोती बसच्या डिकीत. आता रोज फोन येतो, आणि तो आधी साडूंनाच. ते दुकानात बसून कार्डाची तब्येत विचारतात, जावई नव्या रॅमचा सल्ला घेतो, गिऱ्हाईक पुन्हा ताटकळतं. मध्ये मी झरीला गेलो तर साडू माळ्याखाली उभे राहून वर बघत होते. मी विचारलं, काय बघता? म्हणाले, "काय न्हाई. माळा मोकळा दिसायलाय. लग्न करून दोन वर्षं झाली, पर आता कुटं गेली बगा पोरगी सासरी." एवढं बोलून त्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि मला विचारलं, तुमच्या ऑफिसातल्या त्या साहेबांच्या भाच्याचं अजून कुठे ठरलं का.