गोमुखी घराचं जुनं दार

नावड्यातलं आमचं घर धड चौरस नाही. गल्लीकडची भिंत आखूड, मोठ्या रस्त्याकडची लांब, दोन्ही एकमेकींना समांतर. बाजूच्या दोन भिंती तिरक्या. मी क्लासमध्ये नववीला भूमिती शिकवते. माझ्या लेखी हा सरळसरळ समलंब चौकोन. आईच्या लेखी सगळं तुम्ही आत कुठून शिरता त्यावर. आखूड बाजूनं शिरलात तर घर गोमुखी, सुखाचं. लांब बाजूनं शिरलात तर वाघमुखी. तिथं दुकान चालतं, माणूस टिकत नाही.

दार आधी गल्लीकडंच होतं. रस्ता मोठा झाल्यावर बाबांनी ते विटांनी बुजवलं आणि रस्त्याकडं नवं काढलं. आई कडकडून भांडली होती. वर्ष सरायच्या आत बाबा हॉस्पिटलात वारले. नव्या दारानं त्यांना आणलं, नव्या दारानंच नेलं.

तेव्हापासून दिवेलागणीला आई त्या बुजवलेल्या दारासमोर बसायला लागली. म्हणायची, "तुजा बापूस येतो. पिंपळाच्या कट्ट्यावरनं उठतो नि जुनं दार वाजवतो. त्याला आत यायचं हाय, पन वाट कुटं हाय?" तो आत आल्याशिवाय ती रात्रीचं जेवायची नाही. पार वाळून गेली.

मला भयंकर राग यायचा. काय हे खूळ! एकदा मी कागदाचा समलंब चौकोन कापला आणि तिच्यापुढं उलटसुलट फिरवला. "बघ, बाजू त्याच, कोन तेच. कसली गाय नि कसला वाघ!"

तिनं कागद नीट बघितला. "मंग घर पन फिरव."

मी कागद चुरगाळून फेकला.

त्याच आठवड्यात क्लासमध्ये फळ्यावर हीच आकृती काढली. समांतर बाजू कितीही वाढवा, भेटत नाहीत. तिरक्या बाजू मात्र आखूड बाजूच्या पलीकडं वाढवल्या की एका बिंदूत भेटतात. मी तिथं खडू टेकवला. आमच्या घराच्या तिरक्या भिंती गल्लीपलीकडं अशाच नेल्या तर त्या भेटतात पिंपळाच्या कट्ट्यावर. बाबा रोज संध्याकाळी बसायचे तिथं. मुलं विचारत राहिली, "मॅडम, पुढं?"

घरी येऊन मी आईशेजारी बसले. थोड्या वेळानं भिंतीतून आवाज आला. टक, टक. मग जरा थांबून आणखी एकदा. बाबा कडी अशीच वाजवायचे.

मी नव्या दारानं धावत घराला वळसा घालून गल्लीत गेले. तिथं चिटपाखरू नव्हतं. विटा उन्हानं अजून गरम होत्या. ऊन उतरलं की विटा वाजत असतील, असं मी स्वतःला सांगितलं, पण कान विटांना लावून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला. भिंत फुटली, चौकट बसली. आईनं उंबरा धुतला, रांगोळी काढली आणि कित्येक महिन्यांनी नवी साडी नेसली. दोन ताटं वाढून दारात बसली. दार सताड उघडं होतं.

कोणी आलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. आवाजही बंद झाला. आई दोन वेळा जेवायला लागली. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

परवा तिच्यासमोर ताट ठेवलं, तर ती उघड्या दाराकडं बघत होती.

"कशाला तोडलीस गो?" ती म्हणाली. "भिंत होती तवा वाजवायचा तरी."