इन्साफबाई प्रशिक्षणाला जाते

दमनहूरच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत मॅडम इन्साफ सत्तावीस वर्षं तीन नंबरच्या खिडकीत बसली. आजोबांचं नाव आणि गाव सांगायचा अवकाश, बाई जागेवरून न हलता सांगायची, "आतली खोली, उजवं कपाट, खालून दुसरा कप्पा." नोंद तिथंच सापडायची.

तिथंच तिचं घोडं पेंड खायचं. वरच्या जागेला प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. आणि प्रशिक्षणाला पाठवायचं कोणाला? ज्याच्यावाचून कचेरीचं काही अडत नाही, त्याला! म्हणून दर खेपेला कचेरीतलाच कारकून शौकी जायचा. एरवी तो दिवसभर कलिंगडाच्या बिया सोलून खायचा. त्याची सात प्रमाणपत्रं झाली होती. यंदा विभागप्रमुखाची जागा रिकामी व्हायची होती, आणि इन्साफच्या नोकरीचं दीडच वर्ष उरलेलं. आता नाही तर कधीच नाही.

ती कचेरीचे वरिष्ठ वगदीसाहेब यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. "साहेब, यंदा मला पाठवा."

"तुम्हाला? मग काम कोण करील?"

"शौकी आहे की. सात वेळा शिकून आलाय."

"थट्टा पुरे, इन्साफबाई."

दुसऱ्या दिवसापासून बाईनं हात आखडता घेतला. "कपाट? कुठलं हो कपाट? हल्ली आठवतच नाही बघा." चार दिवसांत रांग कोपऱ्यावरच्या ताअमियाची भजी तळणाऱ्याच्या दुकानापर्यंत गेली. पाचव्या दिवशी साहेबांनी आपल्या हातानं शेरा मारला: 'कामात उत्साह नाही. प्रशिक्षणाची नितांत गरज.'

अलेक्झांड्रियाला, खिडकीशी आलेल्या लोकांशी कसं वागावं याचा पाच दिवसांचा वर्ग होता. मास्तर कोवळा, केस तेलानं चापून बसवलेले. त्यानं विचारलं, "विधवा बाई नवऱ्याचा मृत्युदाखला मागते, पण त्याच्या जन्माचीच नोंद सापडत नाही. काय कराल?"

"हसून बोलू!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

इन्साफ म्हणाली, "आधी तिला बसायला द्यावं. मग दवाखान्यातली लस टोचल्याची वही बघावी, गावचे दोन जाणते बोलवावेत..."

मास्तर वही काढून लिहूनच घ्यायला लागला. पाचही दिवस बाईनंच शिकवलं. शेवटी तीस जणांना प्रमाणपत्रं वाटली. तिचं नाव मात्र शिकवणाऱ्यांच्या यादीत! "गुरूला कसलं प्रमाणपत्र द्यायचं, मॅडम?" असं म्हणत मास्तरनं तिच्या हातात फुलं दिली.

ती कचेरीत परतली तेव्हा वगदीसाहेबांनी फुलांकडं बघितलं. "कागद कुठाय?"

"मी शिकवलं, साहेब."

"शिकवलं असेल हो. शिकल्याचा पुरावा?"

जागा शौकीला मिळाली. पहिल्याच सकाळी नवे प्रमुख तीन नंबरच्या खिडकीशी बाजूनं येऊन हळूच कुजबुजले, "मॅडम, तेवढं सांगा ना... प्रमुखानं नेमकं करायचं काय असतं?"

बाईनं मान वर केली नाही.

"रांगेतून या, साहेब. तुमच्यापुढं अकराजण आहेत."