सरांनी न बसवलेली रेस्ट

शिवदास सरांवर मी लिहावं का, याची मला अजून खात्री नाही. मी त्यांचा नातेवाईक नाही, सहकारी नाही. मोशीच्या मैदानावर काही वर्षं त्यांच्याकडे धनुर्विद्या शिकलो, एवढंच. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लिहायचं म्हटल्यावर कुणाला विचारावं तेही कळेना. काही कमी-जास्त झालं तर वाचकांनी आणि सरांच्या घरच्यांनी माफ करावं. पण सर गेल्यावर त्यांच्याबद्दल जे बोललं गेलं, आणि ज्यांच्या तोंडून बोललं गेलं, त्याची मला किळस आली. किळस गिळून हसायला सरांनी आम्हाला शिकवलं नव्हतं.

किळस हा शब्दही त्यांचाच. सर एका खासगी शाळेत पी.टी. शिकवायचे आणि संध्याकाळी मैदानावर यायचे. आल्या आल्या पहिला उद्गार, "शी!" लक्ष्याच्या स्टँडमागे कुणीतरी गुटखा थुंकलेला असायचा, नाहीतर नाक पुसलेल्या हातानं एखाद्यानं धनुष्य उचललेलं असायचं. "अरे, ती दोरी तुझ्या ओठाला लागते, मग ह्याच्या ओठाला लागते. माणसं आहात का कोण?" आम्ही हसायचो, आणि मग गुपचूप नळावर जाऊन हात धुऊन यायचो.

आमच्याकडे एकच कंपाउंड धनुष्य होतं, म्हणजे दोन्ही टोकांना चाकं असलेलं. त्यावर बाण ज्या छोट्याशा भागावर टेकतो, त्याला रेस्ट म्हणतात. ती झिजली होती आणि नवी घ्यायची होती. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून हट्ट धरला की, पडणारी घेऊ. दोरी ओढली की ही रेस्ट वर येते आणि सोडली की झटकन खाली पडते, म्हणजे बाणाच्या पिसांना लागत नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मारायचं कशावर?"

"लक्ष्यावर, सर."

"लक्ष्य पळतं का?"

"नाही."

"आणि तू पळत मारणारेस का? मग साधी पाती घे. कमी हलणारं, कमी बिघडणारं."

पाती म्हणजे स्टीलची पातळ पट्टी, टोकाला बाणापुरती खाच. मी हिरमुसलो. दुसऱ्या दिवशी सर खिशातून चक्क लिपस्टिक घेऊन आले. दुकानातल्या बाई म्हणे त्यांना म्हणाल्या होत्या, "सर, हा रंग वहिनींना नाही हो शोभायचा!" सरांनी पातीच्या कडेला लिपस्टिक फासली आणि मला बाण मारायला लावला. बाण काढून पाहिला तर एका पिसावर लाल रेघ उमटली होती. सरांनी बाणाची मागची खाच जराशी फिरवली, कडेला पुन्हा रंग लावला, पुन्हा मारायला लावलं. पिसं स्वच्छ येईपर्यंत हेच चाललं होतं. "कुठली भारी, हे दुकानदाराला विचार," ते म्हणाले. "मला विचारशील तर मी आधी हेच विचारणार, मारायचंय कशावर."

ते मैदान शेठचं होतं. गावातलं जुनं घराणं, नव्या टॉवरांच्या मधोमध त्यांचा प्लॉट मोकळा पडलेला. त्यांनी तो आम्हाला वापरू दिला होता, तोंडी. त्या बदल्यात त्यांचे पाहुणे आले की आम्ही रांगेत उभं राहून नेमबाजी दाखवायची. सरांना ते आवडायचं नाही, चेहऱ्यावर दिसायचं. पण चाकण ते सांगवी एवढ्या पट्ट्यात कंपनीतल्या कामगारांच्या पोरांना बाण मारायला दुसरी जागा नव्हती. "मैदान आहे तोवर तुम्ही आहात," सर म्हणायचे.

एका रविवारी शेठचा पुतण्या परदेशातून आणलेलं धनुष्य घेऊन आला. शिकारीचं, झाडाझुडपांच्या रंगाचं. शेठ खुर्चीत बसले होते.

"मास्तर, ह्याला ती गोल रेस्ट बसवा. बुरशाची. बाण पडत न्हाई म्हनं तिच्यातनं."

या रेस्टमध्ये कडं असतं, आतून ब्रशसारखे ताठ केस असतात आणि बाण मधोमध धरलेला राहतो. धनुष्य कसंही वाकडं केलं तरी सुटत नाही.

सर म्हणाले, "शेठ, सरळ उभं राहून मारलं तर पातीवरूनही पडत नाही."

"उभं ऱ्हायला येळ आसतो व्हय? डुक्कर काय थांबतंय तवर?" शेठ हसले. आजूबाजूचे सगळे हसले. "आन् एखादा मोर घावला तर..."

सर हसले नाहीत. त्यांनी धनुष्य पुतण्याच्या हातात परत दिलं. "ही मी बसवणार नाही."

"आवो मास्तर, चार स्क्रू तर हायत."

"म्हणूनच. चार स्क्रू फिरवले की मीही तुमच्यासोबत डोंगरात शिकारीला."

रेस्ट मग पुतण्यानंच बसवली. काही आठवड्यांनी तो ते धनुष्य पुन्हा घेऊन आला. बाण डावीकडे जातो, जरा बघा, म्हणाला. सरांनी फक्त वाकून पाहिलं. मीही पाहिलं. ब्रशचे केस एकमेकांना चिकटून काळे पडले होते आणि त्यात राखाडी लव अडकली होती. मारलेल्या जनावरातून बाण उपसून, न पुसता, तसाच पुन्हा पुन्हा त्या कड्यातून सोडला होता. उन्हानं त्याला वास सुटला होता. सर मागे सरले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "शी! हे घेऊन चालता हो. पुन्हा आणलंस तर वनखात्याला बोलावीन."

त्या आठवड्यातच गेटला कुलूप लागलं. लक्ष्यं रस्त्याच्या कडेला फेकलेली होती, कुत्री त्यांवर पाय वर करत होती. मला वाटलं, पालक सरांच्या बाजूनं उभे राहतील. उलट, "एक रेस्ट बसवून दिली असती तर काय हात झिजले असते?" असं लोक बोलू लागले. हे बोलणारे तेच, ज्यांच्या मुलांना सरांनी स्वतःच्या गाडीवर बसवून स्पर्धांना नेलं होतं. माझे वडीलही म्हणाले, "मोठ्या माणसाच्या वाटेला जाऊ नये रे." लातूरहून येऊन इथं टिकलेल्या माणसाचं ते बोलणं होतं.

सर जागा शोधत राहिले. देहूच्या बाजूला एक पडीक पट्टा मिळाला, पण थोड्याच दिवसांत तिथे राडारोडा येऊन पडला. बाकी ठिकाणी सगळे "बघू" म्हणायचे. आमच्यातले एकेक जण गळत गेले. मीसुद्धा परीक्षांमध्ये अडकलो. शेवटचे भेटले तेव्हा दम लागत होता त्यांना. तरी म्हणाले, "एक जागा आहे, बोलणी चाललीत. पाती सांभाळून ठेव." शेठकडे जाऊन माफी मागितली असती तर मैदान परत मिळालं असतं, हे त्यांना माहीत होतं. मी तसं सुचवलंही. ते म्हणाले, "मग तुम्हाला शिकवू काय?"

त्यानंतर फोन झाला नाही. सरांच्या घरच्यांकडे माझा नंबर नव्हता, आणि आमचा ग्रुप तर कधीच बंद पडला होता. एका सकाळी कॉलेजला जाताना मोशीच्या चौकात बस अडकली. समोर मोठा फ्लेक्स होता. हात जोडलेले शेठ, त्यांच्या शेजारी पुतण्या, खाली मित्रपरिवाराची लांबलचक नावं. 'धनुर्विद्येचा आधारवड हरपला', इंद्रायणीच्या घाटावर दशक्रिया, आणि श्रद्धांजलीपर मनोगत शेठचं. दशक्रियेची तारीख आदल्या दिवसाची होती.

माझ्या शेजारच्या काकांनी खिडकीतून पाहिलं आणि म्हणाले, "शेठचं कुणीतरी गेलेलं दिसतंय."

मी वाकून खालच्या कोपऱ्यातला छोटा फोटो पाहिला. शिवदास सर होते.