पांढरीतली दोन मडकी

नगरहून निघालेली मोटार घोडेगावच्या अलीकडे तीनदा बंद पडली. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मागे कोळशाची भट्टी जोडलेली. चढ आला की ड्रायव्हर आम्हाला उतरवी आणि तिकीट काढूनही आम्ही पायी चालत असू. शेजारी बैलबाजाराला निघालेले एक गृहस्थ होते. "कुठं निघालात?" त्यांनी विचारलं. "जुनी हाडं बघायला," म्हटल्यावर ते जरा सरकूनच बसले.

मी हायस्कुलात इतिहास शिकवतो. शाळेच्या कपाटात जुन्यापुराण्या वस्तू मांडायची माझी हौस बऱ्याच जणांना ठाऊक आहे. प्रवरेकाठच्या एका गावच्या पाटलांनी चिठ्ठी पाठवली होती : 'पांढरी खणताना मडकी निघाली. आत हाडे आहेत. काम अडले आहे. येऊन निकाल द्यावा.' चिठ्ठी वाचून मला कोण आनंद झाला! आज त्याची लाज वाटते.

नेवाशाहून पुढे बैलगाडी. वैशाखाचं ऊन असं की गाडीवान डोळे मिटून गाडी हाकत होता, आणि बैल त्याच्यापेक्षा शहाणे होते म्हणून आम्ही पोचलो. पाटलांकडे पिठलं-भाकरी झाली, वर ताक झालं, आणि ऐन दुपारी ते मला टेकाडावर घेऊन गेले.

काळी म्हणजे शेतातली माती आणि पांढरी म्हणजे जिथे माणसं राहून गेली तिथली. पावसाळ्याआधी इकडे धाब्यांवर (घरांच्या सपाट मातीच्या छपरांवर) ही पांढरी पसरतात, म्हणजे पाणी आत झिरपत नाही. वर्षानुवर्षं खणून टेकाडाची एक बाजू सुरीनं कापावी तशी उभी झाली होती. तिच्यात राखेचे थर, खापरं, शिंपले, गुरांची हाडं. पायाखाली सारखं काहीतरी कुरकुर मोडत होतं आणि ते काय असेल याचा विचार मी करत नव्हतो. पाखरू नाही, वारा नाही. आमच्या मागे आलेलं पाटलांचं कुत्रं पायथ्याशीच बसलं, हाका मारूनही वर येईना.

खड्ड्याच्या काठावर एक बाई बसली होती. मातीत दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी पडलेली, आणि त्यांवर ऊन येऊ नये म्हणून तिनं पदर पसरून धरलेला.

"कुंभाराची गया," पाटील हळूच म्हणाले. "अकरा वर्सांमागं हिची तान्ही पोर गेली. नवऱ्यानं आपल्याच दोन मडक्यांत घालून हितं लिंबाच्या बुडाशी पुरली. लिंब वावटळीत पडला, आता नेमकी जागा कुनाला सांगता येत न्हाई. चार दिस झालं, उठंना. मिरग तोंडावर आलाय, समद्यांची धाबी उघडी हायेत. ही तिची पोर न्हवं एवढं सांगा, मास्तर. मडकी तुमी शाळेच्या कपाटाला घिऊन जावा."

मी खाली उतरलो. तिचा नवरा सखाराम पलीकडे उभा होता. तो माझ्याकडे एकटक बघत होता, पण मला मडक्यांखेरीज काही दिसत नव्हतं.

"तीच हाय, मास्तर," गया म्हणाली. "हातात तांब्याचं कडं घातलं हुतं. बगा."

एका मडक्याला भगदाड पडलं होतं. आत अंड्याच्या टरफलासारखी पातळ कवटी, काड्यांसारख्या फासळ्या. मनगटाचं हाड हिरवंगार झालं होतं. तांबं मातीत विरघळतं आणि हाडाला आपला रंग देतं. पण शेजारी कडं नव्हतं, हिरवा पडलेला एक मणी होता. मडक्यांवर बोटाएवढी चुनखडी चढलेली, खाली तांबड्यावर काळ्या रेघा.

मी एक फासळी उचलली आणि जिभेला लावली. ही माझी नेहमीची परीक्षा. ताज्या हाडात सरस असतो, ते जिभेवरून घसरतं. फार जुन्या हाडातला सरस निघून गेलेला असतो, ते ओल शोषतं आणि चिकटतं. हे चिकटलं. असं चिकटलं की ओढून सोडवावं लागलं. त्या पोरानं मला धरलंय, असं क्षणभर वाटलं.

आणि मी वर्गात बोलतो त्या आवाजात बोललो, "ही तुमची मुलगी नाही, बाई. ही बादशाहीच्याही कितीतरी आधीची, हजारो वर्षांपूर्वीची."

गया रडली नाही. तिनं शांतपणे विचारलं, "मंग माझी कुठं हाय?"

पाटलांचा चेहरा खुलता खुलता थांबला. लिंबाची बाजू दोन वर्षांपूर्वीच खणून झाली होती, हे त्यांनीच मग सांगितलं. वरची माती आधी जाते. खाली हजारो वर्षांची हाडं जपून राहतात आणि अकरा वर्षांची कुदळीखाली भुगा होतात. आम्ही सगळे गावाकडे बघू लागलो. उन्हात धाबी पांढरीफेक चमकत होती. देवा रे! कुठल्या घरावर, कोण सांगणार?

सखाराम मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, हे मडकं माझ्या हातचं न्हाई, हे मला पयल्याच दिशी कळलं हुतं. मी गप बसलो हुतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. त्यानं दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मास्तर," गयानं हाक मारली. "हिची आय बी कवाच गेली आसंल न्हवं?"

"केव्हाच."

"मंग हिला कपाटात कोन बगंल?" असं म्हणून तिनं दोन्ही मडकी एकेक करून मांडीवर घेतली.

पाटलांनी हातानंच खूण केली. खणायला आलेल्या माणसांनी कुदळी उचलून गावाची वाट धरली. सखारामानं ओली माती मळून भगदाड लिंपलं, तोंडाला तोंड जोडून सांधा बुजवला. मडकी भाजायच्या आव्याच्या मागे, आपल्या परसात, त्या दोघांनी छातीएवढा खड्डा घेतला. मीही माती लोटली. गयानं वर दूध ओतलं.

दुसऱ्या दिवशी नगरला परतलो. हेडमास्तरांनी हौसेनं विचारलं, "काय मिळालं?" उद्या कोणीतरी तिथे फावडी घेऊन पोचेल या भीतीनं मी म्हणालो, "पाहण्यासारखं काही निघालं नाही." हे मी बेधडक खोटं बोललो, आणि ते मला किती सहज जमलं! खोटं बोलायचंच होतं तर ते आदल्या दिवशी, टेकाडावर, त्या बाईशी बोलायला हवं होतं.